जुन्या गाडीचं कुशनकाम: कापड सगळ्यात शेवटी

पंधरा-वीस वर्षांची झेन, सँट्रो, वॅगन-आर किंवा इंडिका. इंजिन अजून ठणठणीत, पण ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड फाटून आतला पिवळा फोम दिसतोय, छताचं कापड मागे बसणाऱ्याच्या केसांना लागतंय, आणि जूनच्या पहिल्या सरींनंतर दार उघडलं की कुबट वास येतो. पंधरा वर्षं झाली की नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं. तो खर्च करून गाडी आणखी पाच वर्षं ठेवायची ठरली, की आतलं कामही करून घेऊ असा विषय घरात निघतो. मग नाशकात द्वारका असो, सातपूर असो की नाशिकरोड, कुशनवाल्याच्या दुकानात शिरलं की हातात पहिल्यांदा येतो तो रेग्झिनचा कॅटलॉग. रंग ठरतो, डायमंड शिलाई ठरते, भाव ठरतो आणि गाडी तिथेच सोडली जाते.

माझं म्हणणं आहे की कॅटलॉग सगळ्यात शेवटी उघडावा. आधी गाडीत पाणी कुठून येतं ते शोधायचं, मग स्प्रिंग आणि फोम बघायचा, मग शिलाई कशी होणार ते ठरवायचं, आणि उरलेल्या पैशांत बसेल ते चांगलं कापड घ्यायचं. उलट्या क्रमाने केलेलं काम पहिल्या दिवशी झकास दिसतं आणि दुसऱ्या पावसाळ्यात त्याचं पितळ उघडं पडतं.

पाणी

दाराच्या उंबऱ्यावरच्या प्लास्टिकच्या पट्ट्या काढा, कार्पेटची कड उचला आणि खालच्या नमद्यावर (दाबून केलेल्या जाड अस्तरावर) मूठ दाबा. ओल लागली, तर सीटांचं काम तिथेच थांबवायचं. कार्पेट वरून कोरडं दिसतं, पण खालचा तागाचा नमदा पाणी धरून ठेवतो. पत्रा खालून गंजत जातो, आणि त्या ओलीची वाफ बंद गाडीत वर येऊन नव्या सीटच्या फोममध्ये मुरते.

ओल कधी येते यावरून बराच अंदाज बांधता येतो. एप्रिल-मे महिन्यात, पाऊस नसताना, डाव्या पुढच्या पायाशी स्वच्छ पाणी साचत असेल तर तो एसीचा ड्रेन पाइप तुंबलेला असतो. कॉइलवरून ठिबकणारं पाणी बाहेर जायच्या ऐवजी आत उतरतं. फक्त पावसात ओल येत असेल तर पहिला संशय वायपरच्या खालच्या जाळीवर घ्यायचा. गाडी कडुलिंबाखाली किंवा गुलमोहराखाली उभी राहत असेल, तर त्या बारीक पानांचा लगदा जाळीखालच्या नाल्यांत बसतो, पाणी तुंबतं आणि ब्लोअरच्या तोंडातून आत येतं. दुसरा संशय दाराच्या पॅडमागच्या प्लास्टिकच्या कागदावर. स्पीकर किंवा पॉवर विंडो बसवताना हा कागद बहुतेक वेळा फाडला जातो आणि परत कोणी चिकटवत नाही. काचेवरून दारात उतरणारं पाणी खालच्या भोकांतून बाहेर पडायला हवं. कागद नसला की ते पॅडवरून थेट कार्पेटवर येतं. त्यानंतर दाराच्या तळाची तुंबलेली भोकं, पुढच्या काचेचं रबर, मागच्या दिव्यांचे गॅस्केट आणि डिकीचं बीडिंग.

तपासणी दोघांनी करावी. एकाने आत टॉर्च घेऊन बसायचं, दुसऱ्याने बाहेरून नळी धरायची. पाणी खालून वर न्यायचं: आधी दाराचा तळ, मग काचेची कड, मग वायपरची जाळी, शेवटी छत. प्रत्येक जागी पाच मिनिटं. छतापासून सुरुवात केली तर सगळीकडून पाणी ओघळतं आणि कुठून शिरलं ते कळत नाही.

पाणी बंद झाल्यावर पत्रा बघायचा. वरवरचा गंज तारेच्या ब्रशने आणि ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून, रस्ट कन्व्हर्टर लावून, वाळल्यावर इपॉक्सी प्रायमर आणि जोडांवर पीयू सीलंट. तळाची रबरी बुचं सीलंटखाली गाडून टाकू नका, पुढे कधी पाणी काढायला तीच लागतात. स्क्रू-ड्रायव्हर टोचल्यावर आरपार जात असेल तर वेल्डिंग लागणार, आणि ते सगळ्यात आधी उरकायचं. ठिणगी नमद्यात पडली तर तासाभराने पेट घेऊ शकते. वेल्डिंगच्या आधी बॅटरीचे दोन्ही टर्मिनल काढायचे. सडलेला नमदा धुऊन वाळवण्यात अर्थ नाही. अनेक वर्षं उभ्या राहिलेल्या गाडीत त्यात उंदरांचं घरही सापडतं. तो फेकून नवा घाला.

या सगळ्यासाठी आपल्याकडे फेब्रुवारी ते मे हा काळ चांगला. हवा कोरडी असते, प्रायमर आणि सोल्युशन (चिकटवायचा द्रव) नीट वाळतं, रेग्झिन मऊ राहतं. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडच्या थंडीत तेच रेग्झिन कडक होतं आणि ताणून बसवताना कोपऱ्याला सुरकुत्या राहतात. जुलै-ऑगस्टमध्ये सोल्युशनवर दमट हवेचा ओलावा बसतो, चिकट धरल्यासारखं वाटतं आणि महिन्याभराने सुटतं.

सीट बाहेर काढताना

पुढच्या सीटला चार बोल्ट. सीट पूर्ण मागे सरकवून पुढचे दोन, पूर्ण पुढे आणून मागचे दोन. लहान गाड्यांत बहुधा १२ किंवा १४ चा पाना लागतो. बोल्ट गंजलेले असतील तर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. जोर करून तोडला तर पत्र्याखालचा वेल्ड केलेला नट फिरायला लागतो, आणि मग दहा मिनिटांच्या कामाला दिवस जातो. सीटखाली पिवळं कनेक्टर दिसलं तर ते एअरबॅगचं किंवा अपघातात बेल्ट घट्ट ओढणाऱ्या प्रिटेन्शनरचं आहे. बॅटरीचा निगेटिव्ह काढून दहा मिनिटं थांबायचं, मग ते सोडवायचं, आणि सीट परत जोडेपर्यंत चावी फिरवायची नाही.

सीटबेल्टच्या बोल्टबद्दल जरा थांबून सांगतो, कारण दुकानात इथे हमखास हलगर्जी होते. बेल्ट गाडीला पकडून ठेवणारा बोल्ट हा बहुतेक गाड्यांत ७/१६ इंची, बारीक आट्यांचा, उच्च ताकदीचा असतो. तो हरवला की हार्डवेअरच्या दुकानातून १० किंवा १२ मिलिमीटरचा साधा बोल्ट आणून ठोकला जातो. दहाचा ढिला बसतो, बाराचा आटे खातो. दिसायला बेल्ट जागेवर असतो, पण ब्रेक जोरात लागेल तेव्हा त्याचा भरवसा नाही. म्हणून हे बोल्ट काढल्याबरोबर त्यांच्या वॉशरसकट एका डब्यात ठेवा, आणि परत बसवताना टॉर्क पान्याने साधारण ३५ ते ४५ न्यूटन-मीटरवर आवळा. गाडीच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तोच धरायचा. बेल्टची पट्टी मळली असेल तर पूर्ण बाहेर ओढून कोमट पाणी आणि सौम्य साबणाने धुवा, सावलीत वाळवा. रीलमध्ये तेल टाकू नका.

सीट बाहेर असतानाच स्लायडर साफ करायचे. जुनं ग्रीस, वाळू, शेंगांची टरफलं, सुटे पैसे सगळं त्यात अडकलेलं असतं. डिझेलने धुऊन, पुसून, लिथियम ग्रीसचा पातळ हात. परत बसवल्यावर दोन्ही बाजूंचं लॉक एकदम बसतंय का ते बघा. एकच बाजू लागली तर ब्रेक मारताना सीट तिरकी सरकते.

स्प्रिंग आणि फोम

सीट उलटी केली की खाली नागमोडी स्प्रिंगा दिसतात. तुटते ती बहुतेक वेळा कडेच्या क्लिपपाशी. क्लिपमधला प्लास्टिकचा तुकडा झिजला की पत्र्यावर पत्रा घासतो, आणि बसल्यावर येणारी कुईकुई तिथली असते. स्प्रिंग बदलताना जुनीची जाडी व्हर्नियरने मोजून तेवढीच घ्या. सोफ्याची मिळेल ती लावली तर एक बाजू टणक आणि एक बाजू मऊ होते. फ्रेमला, विशेषतः पाठ मागे झुकवायच्या गिअरपाशी, तडा असेल तर मी डागडुजीच्या बाजूने नाही. भंगारात त्याच मॉडेलची धड फ्रेम मिळते, ती आणावी.

आता जी गोष्ट कॅटलॉगमध्ये नसते आणि बिलातही क्वचित लिहिलेली असते: स्प्रिंग आणि फोमच्या मधला थर. कंपनीच्या सीटमध्ये तिथे जाळी, जाड नमदा किंवा गोणपाट असतं. ते कुजलं की स्प्रिंगची तार फोमला करवतीसारखी कापत जाते. नवा फोम थेट स्प्रिंगवर ठेवला तर तोही वर्षा-दोन वर्षांत खालून खड्ड्यात जातो, वरून मात्र काही दिसत नाही. दुकानात विचारायचा पहिला प्रश्न हा: "चाचा, स्प्रिंगवर काय टाकणार?" उत्तर "फोमच बसतो डायरेक्ट" असं आलं, तर पाच ते आठ मिलिमीटर जाडीचा नमदा किंवा दुहेरी गोणपाट तुम्ही स्वतः आणून द्या. खर्च नगण्य आहे आणि सीटचं आयुष्य त्यावर टिकतं.

फोम किती बसलाय ते डोळ्यांनी कळत नाही. एक सरळ लाकडी पट्टी सीटच्या दोन्ही कडांच्या उंचवट्यांवर आडवी ठेवा आणि मधल्या खोलगट जागेपर्यंतचं अंतर मोजा. मग तेच डाव्या सीटवर करा. दोन्हींत दोन-अडीच सेंटिमीटरचा फरक सहज निघतो. डावी सीट कमी वापरलेली असल्यामुळे तीच तुमचं माप आहे. ज्या गाडीत दोन्ही गाद्या एकाच साच्यातल्या असतात तिथे फोमची अदलाबदलही करता येते.

कंपनीचा साच्यात ओतलेला फोम पूर्ण फेकून सपाट शीटमधून नवी गादी कोरून घेऊ नका. त्या फोमला जो आकार असतो, मांडीखालची उतरण, कमरेची भर, तो हाताने कोरून जसाच्या तसा येत नाही. मेलेला भाग तेवढा कापून काढायचा, बहुधा दाराकडची कड आणि बसायच्या जागेचा मागचा अर्धा. त्या खड्ड्यात ४० डेन्सिटीचा ठोकळा मापाने बसवायचा आणि वरून सगळ्या गादीवर दहा मिलिमीटरचा मऊ थर द्यायचा, म्हणजे सांधा बुडाला लागत नाही. सोल्युशन कडांनाच लावावं. पूर्ण पृष्ठभागावर फासलं तर वाळून त्याचा पापडासारखा कडक थर होतो आणि बसताना कुरकुर ऐकू येते.

डेन्सिटी हा शब्द बाजारात सैल वापरला जातो. डेन्सिटी म्हणजे एका घनमीटर फोमचं किलोतलं वजन. टणकपणा ही वेगळी गोष्ट आहे. कमी डेन्सिटीचा टणक फोम बोटाने दाबून भारी वाटतो आणि सहा महिन्यांत बसतो. खात्री वजनकाट्यावर करा. ६ बाय ३ फुटांची, २ इंच जाडीची शीट खरी ४० डेन्सिटीची असेल तर सुमारे ३.४ किलो भरते आणि ३२ ची असेल तर २.७ किलो. दुकानात काटा नसेल तर शेजारच्या किराणा दुकानात असतो.

उलट चूकही होते. गिऱ्हाइकाला खूश करायला गादी फुगवून भरली जाते. सीट दोन इंच वर आली की डोकं छताला लागतं, आरशाचा कोन बदलतो. पुढची कड उंच झाली तर मांडीखाली दाब येतो आणि कसारा घाट उतरेपर्यंत क्लचचा पाय बधिर होतो. म्हणून कापड चढवायच्या आधी, नुसत्या फोमवर जुनी चादर टाकून, सीट गाडीत दोन बोल्टांवर ठेवून उभ्या गाडीत पंधरा-वीस मिनिटं बसून बघा. क्लच पूर्ण दाबा, मान वळवून मागे बघा. या टप्प्यावर फोम तासणं पाच मिनिटांचं काम असतं. कव्हर शिवून झाल्यावर कोणी तासून देत नाही.

फोमला बुरशीचा वास असेल तर सौम्य साबणाच्या पाण्यात दाबून धुऊन, वाऱ्यावर दोन-तीन दिवस पूर्ण वाळवून बघता येतं. काळे ठिपके आतपर्यंत गेले असतील तर तो भाग ठेवू नका.

कापड

रेग्झिन म्हणजे पीव्हीसीचा थर दिलेलं कापड. पीयू लेदरेट म्हणजे पॉलियुरेथेनचा थर. अस्सल कातडं वेगळंच, आणि जुन्या हॅचबॅकसाठी त्याचा खर्च मला पटत नाही. पीयू हाताला मऊ लागतं, पण स्वस्त पीयू दमट हवेत आतून कुजतं आणि काही वर्षांत त्याचे पापुद्रे निघतात. पीव्हीसी पाण्याला दाद देत नाही, पण उन्हात त्यातला मऊपणा देणारा द्रव हळूहळू उडून जातो. मे महिन्यात उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीच्या पुढच्या काचेवर आतून जो धूसर, चिकट थर धरतो त्यात याच द्रवाचा वाटा असतो. हलक्या रेग्झिनची ओळख म्हणजे उग्र वास आणि घडी घातल्यावर पांढरी पडणारी रेघ. तुकडा घरी आणून दुपारभर बंद गाडीत ठेवा आणि संध्याकाळी वास घ्या.

गाडीच्या आतल्या साहित्याच्या ज्वलनशीलतेसाठी आयएस १५०६१ हे भारतीय मानक आहे. रोल त्या मानकात बसतो का हे दुकानदाराला विचारा, रोलच्या लेबलवर बघा. सोफ्याचं कापड गाडीत वापरू नये याचं मुख्य कारण हेच.

माझी पसंती स्पष्ट आहे. बसायच्या आणि पाठ टेकायच्या मधल्या भागाला विणलेलं कापड किंवा भोकांचं रेग्झिन, आणि कडांना, मागच्या बाजूला, खाली साधं मजबूत रेग्झिन. आपल्याकडे पारा चाळिशीला टेकतो तेव्हा सलग रेग्झिनवर पाठ भिजते. कापडातून हवा खेळते. झीज होते ती कडांना, तिथे रेग्झिन टिकतं. रंग मधला घ्या, राखाडी किंवा गडद तपकिरी. काळी सीट दुपारी चटका देते, बेज सीटवर जीन्सचा निळा रंग उतरतो.

गाडी शेतावर जात असेल तर गणित बदलतं. द्राक्षबागेत भुरीसाठी मारलेलं गंधक, फवारणीचा वास, मळ्यातली धूळ हे सगळं कापडात शिरतं आणि निघत नाही. अशा गाडीला पूर्ण रेग्झिनच हवं, ओल्या फडक्याने पुसता येईल असं, आणि शिलाई कमीत कमी, कारण प्रत्येक शिवणीत धूळ बसते. मागच्या सीटवर क्रेट ठेवायचे असतील तर पाठीच्या मागच्या बाजूलाही जाड रेग्झिन लावा. क्रेटचा कोपरा कापडाला हमखास लागतो.

माप असं धरा. ५४ इंची रोल असेल तर पुढची एक सीट दोन ते सव्वादोन मीटर, मागची सलग सीट तीन ते साडेतीन, हेडरेस्टला अर्धा. पाच जणांच्या हॅचबॅकला सगळं मिळून साडेसात ते साडेआठ मीटर. दारांच्या पॅडला आणखी दीड ते दोन. डायमंड शिलाई करायची असेल तर दहा-पंधरा टक्के जास्त, कारण फोमवर शिवताना कापड आत ओढलं जातं. कापडामागे लावायचा पाच मिलिमीटरचा फोम तेवढेच मीटर लागतो. सगळा माल एकाच रोलमधून कापून घ्या. दोन रोलच्या रंगात उन्हात फरक दिसतो.

कापणी आणि शिलाई

जुनं कव्हर कात्रीने फाडू नका. शिवणी ब्लेडने उसवून प्रत्येक तुकडा सुटा करा, मागे खडूने नंबर टाका, वरची बाजू आणि कापड ताणण्याची दिशा बाणाने दाखवा, आणि जोडणाऱ्या दोन तुकड्यांवर दर पाच-सात सेंटिमीटरला समोरासमोर खुणा करा. वळणावर हे खुणांचं जोडकाम चुकलं की पाइपिंगची (शिवणीवरच्या गोल पट्टीची) रेघ नागमोडी जाते आणि कव्हर पिळल्यासारखं दिसतं.

ड्रायव्हरच्या सीटच्या बाहेरच्या कडेचा जुना तुकडा साचा म्हणून वापरू नका. तो वर्षानुवर्षं ताणून मोठा झालेला असतो. त्यावरून कापलेलं नवं कापड पहिल्या दिवसापासून सैल राहतं. डाव्या सीटचा तोच तुकडा उलटा करून घ्या. जुन्या कव्हरपेक्षा मागचा फोम जाड लावणार असाल, तर वळणावरच्या तुकड्यांना दोन्ही बाजूंनी पाच-सहा मिलिमीटर जास्त सोडा. शिवणीची मार्जिन दहा ते बारा मिलिमीटर.

मशीन वॉकिंग फूटचं हवं, म्हणजे वरचा आणि खालचा थर एकदम पुढे सरकतो. साध्या मशीनवर रेग्झिन मशीनच्या पायाला चिकटतं, खालचा थर पुढे पळतो आणि दोन फुटांच्या शिवणीला टोकाशी सेंटिमीटरभर फरक पडतो. मग तो ओढून-ताणून जुळवला जातो आणि तिथेच पुढे फाटतं. दोरा बाँडेड पॉलिएस्टरचा. नायलॉन ताकदीला चांगला, पण उन्हाने लवकर कमजोर होतो. सुती दोरा घामाने कुजतो. टाका चार मिलिमीटरचा, दिसणाऱ्या वरच्या शिलाईला पाच. बारीक टाका मजबूत असा समज आहे. रेग्झिनवर तो घातक ठरतो, कारण जवळजवळ पडलेल्या भोकांच्या रेषेवर ते पोस्टाच्या तिकिटासारखं फाटतं. कडेची शिवण दुहेरी करून घ्या आणि आतून एक पट्टी जोडायला सांगा.

सीटच्या कडेला एअरबॅगचं लेबल असेल तर हे काम साध्या दुकानात देऊ नका. ती शिवण मुद्दाम कमकुवत दोऱ्याने केलेली असते, फुगा तिथून फाडून बाहेर यायला हवा. वरून चढवायची रेडीमेड कव्हरंही तिथे नकोत. एकूणच फाटक्या सीटवर रेडीमेड कव्हर चढवणं मला मान्य नाही. खालची ओल आणि बसलेला फोम तसाच झाकला जातो, आणि त्याचे इलॅस्टिकचे हुक सीटखाली वायरींत किंवा स्लायडरमध्ये अडकतात.

चढवणी

कव्हर फोमला धरून राहतं ते खोबणीतल्या तारेमुळे. कव्हरच्या आतल्या नळीत एक तार असते, फोमच्या खोबणीत दुसरी, आणि दोन्हींना रिंगा एकत्र बांधतात. जुन्या तारा गंजल्या नसतील तर त्याच वापरा, नसता तेवढ्याच जाडीच्या घ्या. नळी शिवायला विसरून कव्हर नुसतं सोल्युशनने खोबणीत चिकटवणारे कारागीर आहेत. उन्हाळ्यात ते सुटतं आणि मधला भाग तंबूसारखा वर येतो. सगळ्या गाडीला दीडशे-दोनशे रिंगा धरा. त्या खास प्लायरने, दर आठ-दहा सेंटिमीटरला. त्यांच्या जागी प्लास्टिकचे झिप टाय वापरले तर गाठ बुडाला टोचते.

कव्हर उन्हात अर्धा तास ठेवून गरम करा. मधल्या खोबणीपासून सुरुवात, मग कडा, शेवटी खालची पट्टी. राहिलेल्या बारीक सुरकुत्यांवर हीटगन लांबून, सतत हलवत. एका जागी थांबली तर रेग्झिन चमकतं आणि तो डाग जात नाही. हेडरेस्टची भोकं सगळ्यात शेवटी आणि छोटी कापा. बेल्टचं बकल वर आलंय ना, ते शेवटच्या रिंगेच्या आधी बघा.

छत आणि बाकीचं

छताचं कापड लोंबतं तेव्हा दोष कापडाचा नसतो. त्यामागचा पातळ फोम उष्णतेने भुकटी झालेला असतो. म्हणून टाचण्या आणि इंजेक्शनने सोल्युशन भरणं महिनाभराचं समाधान. बोर्ड डिकीतून न वाकवता बाहेर काढायचा, जुन्या फोमचा कण अन् कण नायलॉनच्या ब्रशने काढायचा (नवं सोल्युशन भुकटीलाच चिकटतं, बोर्डाला नाही), आणि तीन मिलिमीटर फोम लावलेलं छताचं कापड, हॅचबॅकला ६० इंची सुमारे दोन मीटर, उष्णता सोसणाऱ्या सोल्युशनने बसवायचं. दोन्ही बाजूंना लावून, बोटाला चिकटेल पण लागणार नाही इतपत वाळू द्यायचं, मग मधून कडेकडे तळहाताने. खोलगट जागी कापड ताणू नका, दाबत न्या. दिव्याचं भोक दुसऱ्या दिवशी. पद्मिनी, अँबेसिडरसारख्या गाड्यांत बोर्ड नसून तारांवर टांगलेलं कापड असतं. तिथे प्रत्येक तारेचा बाक वेगळा, म्हणून काढतानाच पुढून नंबर टाका.

दारांची पॅडं निघालीच आहेत तर बाहेरच्या पत्र्याला आतून दोन मिलिमीटरची ब्युटाइल (रबरासारखी चिकट) शीट लावा. निम्मा पत्रा झाकला तरी पुरतं, कारण काम पत्र्याची थरथर थांबवण्याचं आहे. चौरस मीटरला तीन किलोच्या आसपास वजन वाढतं, म्हणून सगळीकडे फासू नका. गच्चीला लावतात ती डांबरी शीट मे महिन्यात वितळून वास मारते. पॅडच्या क्लिपा जुन्या झाल्या की तुटतातच, तीस-चाळीस आधीच आणून ठेवा. प्लास्टिकचा कागद ब्युटाइल टेपने परत चिकटवल्याशिवाय पॅड लावायचं नाही.

कार्पेटवर चिकटवून घ्यायचं फ्लोअर लॅमिनेशन टाळा. खाली गेलेलं पाणी त्याखाली कोंडतं. म्युझिक सिस्टिमसाठी कंपनीची वायरिंग कापू देऊ नका, त्या गाडीचा कपलर (वायरी जोडायचा तयार सॉकेट) बाजारात मिळतो. बॅटरीवरून थेट घेतलेल्या प्रत्येक वायरला बॅटरीजवळ फ्यूज हवा. काचांवर गडद फिल्म लावून घ्यायचा आग्रह होईल. नियमाने पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश यायलाच हवा, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच काळ्या फिल्मना मनाई केलेली आहे. कापड बदलायला आरटीओची परवानगी लागत नाही. सीटांची संख्या बदलायची असेल तर लागते.

बिलात कापड, फोम, मजुरी वेगळी लिहून घ्या, फोमची डेन्सिटी आणि कापडाचा रोल नंबरसकट. गाडी घेताना पावती द्यायच्या आधी हाताने दोन गोष्टी करा: पुढच्या दोन्ही सीटा पकडून जोरात पुढे-मागे हलवा, आणि पाचही बेल्ट लावून झटका द्या. आठवड्याने सीटचे बोल्ट पुन्हा आवळा, नवा नमदा दबल्याने ते थोडे ढिले होतात. पहिले आठ दिवस दुपारी काचा बोटभर खाली ठेवा, सोल्युशनची वाफ निघून जाते. उरलेलं अर्धा मीटर कापड, दोऱ्याच्या रिळाचा नंबर आणि जुन्या कव्हरचे नंबर टाकलेले तुकडे एका पिशवीत बांधून माळ्यावर टाका. ड्रायव्हरची बाहेरची कड पुढेमागे पुन्हा फाटेल, तेव्हा तेवढा एकच तुकडा बदलून भागेल.